दम आणि निधान

संपादक सरांनी वाणिज्य शाखेकडून एक अभ्यासलेख हवा असे सांगितले, तेव्हा वस्तू व सेवा कर, सहकारी बँका किंवा अंदाजपत्रक यांपैकी काहीतरी माझ्याकडून येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर लिहिणारे आमच्या वर्गात पुष्कळ आहेत आणि त्यांचे अक्षरही माझ्यापेक्षा चांगले आहे. गेल्या दोन वर्षांत मी ज्याचा खरोखर अभ्यास केला, ज्यासाठी वह्या भरल्या आणि ग्रंथालयातून पुस्तके नेली, तो विषय म्हणजे धावणे. हा काय अभ्यासाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. सुरुवातीला मीही तसेच म्हणत होतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत पळणे आणि धावणे असे दोन शब्द आहेत. दुसऱ्यावर संकट आले की माणूस धावून जातो आणि स्वतःवर आले की पळून जातो. पाय तेच, दिशा तेवढी वेगळी. मी मैदानावर पहिल्यांदा गेलो तो पळून गेलो होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही. मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या मुलाचे बी. कॉम.च्या पहिल्या वर्षात काय होते, ते या अंकाच्या निम्म्या वाचकांना सांगायला नको. व्याख्यान इंग्रजीतून चाले. मी पहिल्या बाकावर बसून मान हलवीत असे. मान हलवण्यात मी इतका तरबेज झालो होतो की सर माझ्याकडे पाहूनच पुढच्या मुद्द्याकडे वळत. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा त्या मानेची किंमत कळली. घरी कोणी बोलले नाही, पण घरात बसवेना. म्हणून पहाटे उठून व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जाऊ लागलो. आई म्हणाली, "पहाटे पहाटे पळतोस कशाला रे, कुठं गाडी चुकायला लागलीय?"

दुसरा शब्द दम. दम लागतो, दम खातो, दम धरतो, माणूस दमतो, एकमेकांना दम देतो. बिर्याणीलासुद्धा दम देतात. श्वास या अर्थाचा दम फारसीतून आलेला. शमदमातला दम संस्कृतातला, त्याचा अर्थ स्वतःला आवरणे. दोन वेगळ्या घरांतून आलेले हे शब्द मराठीत एकाच छपराखाली नांदतात आणि 'दम धर' असे म्हणताना त्यांतला नेमका कोणता बोलतो आहे हे सांगणे कठीण. धावताना मात्र दोन्ही एकदमच लागतात. हे मला पुस्तकातून कळले नाही; त्यासाठी एका शर्यतीत भर मैदानावर बसावे लागले.

तीन महिने धावल्यावर मी जिल्ह्यातील एका स्पर्धेत पाच हजार मीटरसाठी नाव दिले. चारशे मीटरच्या मैदानाला साडेबारा फेऱ्या. वहीतल्या नोंदींप्रमाणे मला हे अंतर कापायला २२ मिनिटे लागत. म्हणजे एका फेरीला सुमारे १ मिनिट ४६ सेकंद. हा हिशेब मला येत नव्हता असे नाही. पण बंदूक वाजली आणि कठड्याशी उभ्या असलेल्या वर्गमित्रांनी नावाने हाका मारल्या. मी पुढच्या घोळक्याबरोबर गेलो. पहिली फेरी ८० सेकंदांत झाली. त्या वेगाने पाच हजार मीटर मी स्वप्नातही धावलो नसतो, तरी त्या फेरीपुरता मी त्या घोळक्यातला एक होतो आणि ते सगळ्यांना दिसत होते. चौथ्या फेरीत छातीत कोणीतरी गोणपाट कोंबल्यासारखे झाले. सहाव्या फेरीत मी आतल्या बाजूच्या गवतावर बसलो.

मित्र आले तेव्हा मी पोटरी धरली. "गोळा आला," म्हणालो. घरीही तेच सांगितले. आईने तेल गरम करून पोटरी चोळून दिली. ती चोळत असताना जे वाटत होते ते दुखण्यापेक्षा वाईट होते. रात्री वही उघडून लिहिले : "पायात गोळा आल्याने शर्यत अपूर्ण." त्या वहीला हात लावणारा घरात दुसरा कोणी नाही. मी कोणासाठी खोटे लिहिले?

पुढचे काही आठवडे धावलो कमी आणि वाचले जास्त. सहाव्या फेरीत माझ्या आत नेमके काय झाले हे मला हवे होते. शोध घेता घेता वाणिज्याच्या विद्यार्थ्याला घरच्यासारखी वाटणारी भाषा सापडली. ए. व्ही. हिल हे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ, १९२२ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ओटो मायरहॉफ यांच्यासह मानकरी. हिल स्वतः धावणारे होते. स्नायूंना प्राणवायू पुरेसा मिळत असतो तोवर शरीर रोखीने व्यवहार करते. त्यापेक्षा अधिक वेगाने धावू लागलो की ते उधारीवर चालते, आणि थांबल्यावरही आपण जे धापा टाकत राहतो ती त्या उधारीची फेड, अशी त्यांची मांडणी होती. त्यांनी याला सरळ 'प्राणवायूचे कर्ज' म्हटले. पुढच्या संशोधकांनी दाखवले की फेडीचा हिशेब इतका सरळ नाही. थांबल्यानंतरच्या धापांत वाढलेले तापमान, संप्रेरके अशा आणखी गोष्टींचाही वाटा असतो. शिवाय ज्या लॅक्टेटला पूर्वी थकव्याचा गुन्हेगार ठरवले जाई, ते हृदय आणि स्नायू इंधन म्हणून वापरतात असे आता मानले जाते. पण एक गोष्ट कायम राहिली. प्रत्येकाची एक मर्यादा असते. तिच्या आत राहिले तर बराच वेळ धावता येते, तिच्या वर गेले तर मोजकी मिनिटे. मी पहिल्याच फेरीत ती ओलांडली होती आणि पुढच्या पाच फेऱ्या उधारीवर काढल्या होत्या.

लांब पल्ल्याचा हिशेब आणखी मनोरंजक आहे. धावायला माणशी दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरला अडीच हजारांवर लागतील. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठवलेली साखर सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. ही रोख शिल्लक. उरलेले कुठून आणायचे? चरबीतून. सडपातळ माणसाच्या अंगातही आठनऊ किलो चरबी असते आणि एका किलोत साडेसात हजारांवर किलोकॅलरी असतात. मालमत्ता भरपूर, पण स्थावर! घाईच्या वेळी जमीन विकून पैसे उभे राहत नाहीत, तशी चरबीतून शक्ती सावकाशच मिळते. हळू धावणारा दोन्ही खाती बरोबरीने वापरतो. सुरुवातीला जोरात धावणारा रोकड आधी उडवतो आणि तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास त्याच्यापुढे भिंत उभी राहते. मॅरेथॉन धावणारे तिला भिंतच म्हणतात. श्रीमंत माणसाचे दिवाळे कसे निघते हे मला ताळेबंदाच्या तासाला जितके समजले नव्हते, तितके या उदाहरणाने समजले.

मग प्रश्न असा की आपला वेग आपल्याला आतून कळत कसा नाही? धावणे आपले, पाय आपले, छाती आपली. इथे थोर धावपटूंच्या हकिकती वाचून धीर आला. रॉजर बॅनिस्टर हा वैद्यकाचा विद्यार्थी ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर एक मैल चार मिनिटांच्या आत धावला. वेळ ३ मिनिटे ५९.४ सेकंद. ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हे त्याचे मित्र पुढे राहून वेग राखत होते. पहिल्या फेरीत बॅनिस्टरला वाटले की आपण फार हळू चाललो आहोत आणि तो ब्रॅशरला ओरडून म्हणाला, आणखी जोरात! ब्रॅशरने ऐकले नाही. फेरी संपली तेव्हा घड्याळात ५७.५ सेकंद होते, म्हणजे वेग हवा तसा, किंबहुना अधिकच होता. जगात कोणी न केलेली गोष्ट करायला निघालेल्या, शरीरशास्त्र शिकलेल्या माणसालाही उत्साहाच्या भरात आपला वेग कळला नाही. तो जिंकला त्यात त्याच्या पायांइतकाच ब्रॅशरच्या न ऐकण्याचाही वाटा आहे, असे माझे मत.

दुसरी हकीकत १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमधली. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक तेथे पाच हजार आणि दहा हजार मीटर जिंकून मॅरेथॉनला उभा राहिला. मॅरेथॉन तो आयुष्यात प्रथमच धावत होता. इंग्लंडचा जिम पीटर्स, ज्याने त्याच वर्षी मॅरेथॉनची जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली होती, आघाडीवर होता. झाटोपेकने त्याला गाठून विचारले, "वेग फार होतोय का?" पीटर्स म्हणाला, "उलट कमीच आहे." झाटोपेकने ते खरे मानून वेग वाढवला आणि शर्यत जिंकली, पीटर्सला शर्यत अर्धवट सोडावी लागली. ही गोष्ट झाटोपेकच्या भाबडेपणाची म्हणून सांगतात. मला तिच्यात पीटर्स दिसतो. दम लागलेला असताना 'कमीच आहे' म्हणणारा. मान हलवणारा.

असो. वाचन पुष्कळ झाले, पण पायांत काही उतरेना. ते उतरले माझ्या एका वर्गमित्रामुळे. तो हुक्केरीकडचा, कन्नड माध्यमात शिकलेला, आणि माझ्यापेक्षा दीड मिनिटाने पुढे धावणारा. त्याच्याबरोबर प्रथम गेलो त्या दिवशी तो इतका हळू धावत होता की मला अपमान वाटला. किलोमीटरला सात मिनिटे! सकाळी फिरायला आलेले एक आजोबा आमच्याशी गप्पा मारत बरोबर चालत आले. मी पुढे जायला लागलो की हा मागून म्हणे, "निधान, निधान." मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. (गंमत म्हणजे सावकाश हा शब्दही आपल्याकडचे कन्नड लोक सर्रास वापरतात, "सावकाश ओडो" असेही तो म्हणे.) पहिले काही दिवस मला त्याच्या 'निधान'मध्ये खजिनाच ऐकू येई आणि हसू येई.

त्याचा नियम साधा. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटले तर वेग जास्त. घड्याळ नको, छातीला पट्टा नको. आठवड्यातले पाच दिवस असे, एक दिवस जोरात, एक दिवस विश्रांती. जगभरातले लांब पल्ल्याचे धावपटू आपले बहुतेक अंतर असेच हळू कापतात, हे मला नंतर वाचनात आले. हळू धावण्याने हृदय एका ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी वापरण्याची सवय लागते. माझी सकाळी अंथरुणातली नाडी सुरुवातीला मिनिटाला ७४ होती, आठ महिन्यांनी ५८ भरली.

पण बोलता येईल अशा वेगाने धावायचे म्हणजे बोलावे लागते, ही त्यातली खरी अडचण. क्रिकेट, सिनेमा, परीक्षा हे विषय दोन आठवड्यांत संपले. येळ्ळूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भाताची शेते, धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, आणि शेजारी धावणाऱ्याचा चेहरा पाहावा लागत नाही. अशा एका सकाळी मी त्याला सांगून टाकले की कॉस्ट अकाउंटिंगमधले ओव्हरहेडचे वाटप मला अजिबात समजलेले नाही आणि मी वर्षभर नुसती मान हलवतो आहे. तो दहाएक पावले काही बोलला नाही. मग म्हणाला, "ननगू तिळियंगिल्ल." मलाही कळत नाही. वर्गात माझ्या मागच्याच बाकावर बसणारा हा माणूस. माझी हलणारी मान पाहून त्याला वाटे, याला कळतेय, आपणच मठ्ठ. मला आजवर कोणी इतका मोठा ठोसा मारलेला नाही. माझे खोटे माझ्यापुरते आहे अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी घरी येऊन वही काढली. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद खोडायची नसते, पान फाडायचे नसते. खाली तारीख घालून दुरुस्तीची नोंद करायची असते, हे आम्हांला अकरावीतच शिकवतात. मी लिहिले : "मागील शर्यतीत गोळा आला नव्हता. पहिली फेरी ८० सेकंदांत धावलो, दम संपला, बसलो." आईला सांगायला मात्र आणखी चार दिवस लागले. ती म्हणाली, "मला माहीत होतं. गोळा आलेली पोटरी हाताला लागते."

वर्गात हात वर केला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी. सरांनी पुन्हा समजावले, त्यातले निम्मे समजले. उरलेले तास संपल्यावर आम्ही दोघांनी मिळून विचारले. गुणांत चमत्कार झाला असे नाही. पन्नासचे एकसष्ट झाले. धावण्याने सगळे प्रश्न सुटतात असे लिहिणाऱ्यांची पुस्तके मी वाचली आहेत आणि त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. धावताना मिळणाऱ्या त्या सुप्रसिद्ध आनंदाचेही तसेच. पूर्वी त्याचे श्रेय एंडॉर्फिनला देत. ते रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही, म्हणून अलीकडे संशोधक एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या द्रव्यांकडे बोट दाखवतात. मला पहिले सहा महिने दोन्हींपैकी काही मिळाले नाही. मिळाली ती दुखरी नडगी. फुप्फुसे आणि स्नायू आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि स्नायुबंधांना महिने लागतात, आणि हुरूप आलेला माणूस नेमका त्या मधल्या काळात अंतर वाढवतो. यंत्राचा घसारा दरवर्षी नफ्यातून बाजूला काढावा लागतो हे शिकलेल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या पायांसाठी ती तरतूद केली नव्हती. तीन आठवडे घरी बसलो.

त्या बसलेल्या दिवसांत एक गणित केले, ते येथे नोंदवतो. कारण तो माणूस आपल्या बेळगावचा आहे आणि आमच्या वर्गात कोणालाच त्याचे नाव ठाऊक नव्हते. फडेप्पा दरेप्पा चौगुले. नाव कन्नड वळणाचे, आडनाव दोन्हीकडे सापडणारे. हा कोणाचा, असा वाद घालायची ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल घालावा. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी खेड्यापाड्यांतली मुले अनवाणी धावताना पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला पाठवण्याचा उद्योग सुरू केला. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे गेलेल्या त्या छोट्या पथकात चौगुले होते. तेथील मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद.

आता भागाकार करा. एका किलोमीटरला जवळजवळ बरोब्बर चार मिनिटे पडतात. माझी पाच किलोमीटरची आजवरची सर्वांत चांगली वेळ २१ मिनिटे १० सेकंद, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटे १४ सेकंद, आणि ती संपल्यावर मी गुडघ्यांवर हात टेकून उभा होतो. चौगुल्यांच्या वेगाने पाच किलोमीटर मला आजही जमत नाहीत. त्यांनी ते परक्या देशात, परक्या हवेत साडेआठ वेळा लागोपाठ केले. एकोणिसावा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. आधीच्या शर्यतीत पहिल्या फेरीला मी तिसरा होतो, तेही या संदर्भात आठवले.

२१ मिनिटे १० सेकंदांची ती वेळ गेल्या हिवाळ्यातली, त्याच मैदानावरची. या वेळी पहिली फेरी मी १ मिनिट ४४ सेकंदांत धावलो आणि सगळ्यांत मागे होतो. कठड्यावरून हाका आल्या, "अरे, झोपलास काय?" उत्तर द्यायला दम होता, पण दिले नाही. नवव्या फेरीपासून माणसे मागे पडू लागली. शेवटी अकरावा आलो. माझा मित्र चौथा. परत येताना बसमध्ये त्याने माझी वही मागून घेतली आणि निकालाच्या खाली कन्नडमध्ये एकच शब्द लिहिला; तो कोणता हे सांगायला नको.

येत्या रविवारी आम्ही राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत जाणार आहोत. पहाटे साडेपाचला तिसऱ्या गेटजवळ निघू. वेग किलोमीटरला सात मिनिटे, चढावर त्याहून कमी. ज्याला यायचे असेल त्याने यावे. मराठी, कन्नड कोणत्याही भाषेत बोलायची तयारी ठेवावी, आणि ओव्हरहेडचे वाटप ज्याला नीट समजले असेल त्याने तर अवश्य यावे.